अकारेतलर: न उठलेल्या मशिदीची घरे

उमराह करून परतताना चार दिवस इस्तंबूलला थांबायचे, असे आमच्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमातच होते. दिवाळीच्या सुट्टीचा मेळ बसत होता, रजेसाठी कोणापुढे अर्ज घेऊन उभे राहायचे नव्हते, म्हणून आम्हीही होकार दिला. काय काय दाखवणार याची छापील यादी मुंबईलाच हातात पडली होती. आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी, दोल्माबाहचे महाल, बोस्फरसमधली बोटीची सफर. त्या यादीत अकारेतलरचे नाव नव्हते. तिथे आम्ही पोहोचलो ते अब्बांच्या गुडघ्यामुळे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नववीत शिकणारी मुलगी आणि अब्बा. तिसऱ्या दिवशी दुपारी गट दोल्माबाहचेच्या दारात उभा होता. आत जिने आहेत आणि फिरायला दोन तास लागतील, असे गाईडने सांगितले. तवाफ आणि सईमध्ये अब्बांचा गुडघा आधीच बोलू लागला होता. ते म्हणाले, "तुम्ही जा, मी इथे बाकावर बसतो." परक्या मुलखात म्हाताऱ्या माणसाला एकटे बसवून महाल पाहण्यात कसली मजा? आम्ही गाईडला सांगून चौघेही बाहेर राहिलो. त्यामुळे ज्या महालाचे फोटो सगळे दाखवतात तो आम्ही आतून पाहिलेलाच नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

महालाच्या उंच भिंतीच्या कडेने बेशिकताशकडे जाणारा रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना जुने चिनार आहेत. त्यांची पाने पिवळी पडू लागली होती. अब्बांच्या चालीने आम्ही सावकाश निघालो. थोड्या वेळाने डाव्या हाताला टेकडीकडे चढत जाणारा एक रस्ता लागला. त्याच्या कडेने तीन-चार मजली दगडी धाटणीची घरे एकमेकांना खेटून, पायऱ्या चढल्यासारखी वर वर गेलेली दिसत होती. वरून दोन रस्ते येऊन मिळतात त्या ठिकाणी इमारतीचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा निमुळता झाला होता. अब्बा काठी टेकून थांबले, वरपर्यंत नजर टाकली आणि म्हणाले, "अरे, ये तो अपनी लाईन है!"

हे वाक्य वाचकांना कळायचे तर आमच्या गावची 'लाईन' सांगावी लागेल. आमच्या गावच्या जामा मशिदीला रस्त्याच्या बाजूने अकरा दुकानांची एक रांग आहे. वर खोल्या आहेत. एके काळी त्यांत इमामसाहेब, मुअज्जिन आणि मुसाफिर राहत. आता तिथे कबुतरे आणि मोडका सामान आहे. या रांगेला सारे गाव 'मशिदीची लाईन' म्हणते. तिच्यातले चौथे दुकान अब्बांचे. म्हणजे दुकान मशिदीचे, पण पन्नास-पंचावन्न वर्षे तिथे अब्बांची शिलाई मशीन चालली. लाईन पाडून नवे कॉम्प्लेक्स बांधायचे असे जमातीत घाटत होते. आम्ही परतल्यावर तीन दिवसांनी त्याचीच मीटिंग होती. अब्बांच्या डोक्यात मक्का-मदिनेतही ती मीटिंग कुठेतरी होतीच.

रस्त्याच्या नावाची एक पाटी वाचून आम्हाला तर घरच्यासारखेच वाटले. लिपी लॅटिन, पण नाव 'शाइर नदीम'. अठराव्या शतकातला हा उस्मानी कवी. दुसऱ्या रस्त्याला सुलेमान सेबा यांचे नाव आहे. ते बेशिकताश फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते. मुलीला दुसऱ्या नावात जास्त रस होता.

या घरांचे नाव अकारेतलर. उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला हा शब्द लगेच टोचतो. 'अकार' हा अरबी शब्द: घर, जमीन, स्थावर मालमत्ता, विशेषतः भाडे किंवा उत्पन्न देणारी. त्याचे अनेकवचन 'अकारात'. त्यालाच तुर्कांनी आपला अनेकवचनाचा 'लर' प्रत्यय पुन्हा जोडला आणि झाले अकारेतलर. आमचे विद्यार्थी 'अल्फाज' हे आधीच अनेकवचन असताना 'अल्फाजों' लिहितात आणि आम्ही लाल शाईने खोडतो. इथे एका सबंध मोहल्ल्याचे नाव त्याच चुकीवर उभे आहे आणि कोणाचे काही अडलेले नाही. तर अकारेतलर म्हणजे भाड्याची घरे. पण भाडे कोणासाठी, हा खरा मुद्दा.

वक्फ म्हणजे काय ते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. खैबरची जमीन मिळाल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी तिचे काय करावे असे विचारले. मूळ मालमत्ता अडकवून ठेव, ती विकू नये, कोणाला देऊ नये, वारशात जाऊ नये, आणि तिचे फळ मात्र खैरात कर, असा सल्ला त्यांना मिळाला. हीच वक्फची मुळाक्षरे. उस्मानी शहरे या तत्त्वावर अक्षरशः बांधली गेली. मशीद, मदरसा, दवाखाना, लंगर बांधायचा तर आधी त्यांना पोसणारी दुकाने, हमाम, सराया बांधायच्या.

त्याचे उदाहरण आम्ही आदल्याच दिवशी पाहिले होते, फक्त तेव्हा नीट कळले नव्हते. एमिनोनूच्या घाटावर 'येनी जामी', म्हणजे नवी मशीद आहे. तिचा पाया 1597 मध्ये सफिये सुलतान यांनी घातला. मध्येच काम थांबले आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ ते अपुरेच पडून राहिले. मग 1660 च्या दशकात तुर्हान सुलतान यांनी मशीद पुरी केली. तिला लागूनच जो मसाल्यांचा बाजार आहे, ज्याला मिसिर चार्शी म्हणतात, तो मशिदीच्या खर्चासाठीच बांधला गेला. आम्ही तिथून सुके अंजीर आणि सुमाक घेतले तेव्हा मनात फक्त भावाची घासाघीस होती. बाजार आणि मशीद एकाच हिशेबाच्या वहीत आहेत, हे तिथे उभ्या उभ्या कोणी सांगितले नाही.

अकारेतलरची वही मात्र अपुरी राहिली. सुलतान अब्दुल अजीज यांच्या हुकुमाने 1875 मध्ये ही घरे उभी राहिली. टेकडीच्या माथ्यावर माचका भागात त्यांच्या नावाची अजीजिये मशीद व्हायची होती. या घरांचे भाडे त्या मशिदीला जायचे होते. खाली पायथ्याशी महाल. घरे महालातल्या अधिकाऱ्यांना राहायला द्यायची, भाडे टेकडीवर चढेल आणि अजान टेकडीवरून खाली येईल, असा तो आराखडा.

वास्तुकार होते सार्किस बालयान. हे आर्मेनियन ख्रिस्ती घराणे. सुलतानांचे महाल आणि मशिदी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या. दोल्माबाहचे महाल सार्किस यांच्या वडिलांनी आणि थोरल्या भावाने बांधला. सार्किस पॅरिसला शिकून आले होते. आशियाच्या किनाऱ्यावरचा बेलेरबेयी महाल त्यांचाच. मशिदीला उत्पन्न देणारी घरे एका ख्रिस्ती माणसाने बांधावीत, यात त्या काळच्या इस्तंबूलला नवल वाटत नव्हते.

आता घरांकडे पाहू. इंग्लंडमध्ये अशा घरांच्या रांगेला 'टेरेस' म्हणतात. आमच्या मुलीला वाटले, वर गच्ची असेल. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्चीच, त्यामुळे तिची चूक नाही. इंग्रजीतली ही टेरेस म्हणजे एका रेषेत, एकाच नमुन्याची, सामाईक भिंतींनी जोडलेली घरे. तुर्कीत 'सिरा एव', रांगेतले घर. आपण रो हाऊस म्हणतो. उस्मानी शहरात ही तऱ्हा जुनी नव्हती. तिथले जुने घर लाकडी, आपापल्या अंगणात, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला. दिसायला सुंदर, पण आगीला आमंत्रण. 1870 मध्ये बेओलू भागात मोठी आग लागली आणि हजारो इमारती जळाल्या. त्यानंतर विटा-दगडाच्या बांधकामाकडे ओढा वाढला. शिवाय अब्दुल अजीज 1867 मध्ये युरोपात जाऊन आले होते. पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर गेलेले ते पहिले उस्मानी सुलतान. पॅरिसचे प्रदर्शन पाहिले, लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये उतरले. त्या महालाच्या आसपास पांढऱ्या गिलाव्याच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. सुलतानांनी बग्गीतून त्या पाहिल्या असतील आणि मनात घर करून राहिल्या असतील, हा आमचा तर्क.

रांगेच्या घराचे गणित साधे आहे आणि कडकही. दोन घरांमध्ये एकच भिंत, म्हणजे विटांची बचत. ती भिंत जाड आणि पक्की असेल तर एका घरातली आग दुसऱ्यात जात नाही. उजेड मात्र फक्त पुढून आणि मागून. म्हणून मधल्या अंधाऱ्या भागात जिना टाकायचा आणि खोल्या पुढे-मागे ठेवायच्या. अशा घराची रुंदी तुळई किती लांब मिळते त्यावर ठरते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, घरे एकमेकांना धरून उभी असतात. मधले एक काढले की दोन्हीकडच्यांचा आधार जातो.

इथे याला चढाची भर पडली आहे. जमीन सपाट करून एकच लांब इमारत ठोकण्याऐवजी बालयान यांनी प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडे वर बसवले. त्यामुळे छताखालची कंगोऱ्याची पट्टी एका सरळ रेषेत जात नाही. थोडी सरळ, मग एक पायरी, पुन्हा सरळ, पुन्हा पायरी, अशी चढत जाते. खिडक्या एका मापाच्या, एकाखाली एक. नक्षी जेमतेम. महालाच्या दर्शनी भागावर जी फुले-वेली-खांबांची गर्दी बाहेरून दिसते, तिच्यापुढे ही घरे शाळेच्या गणवेशातल्या मुलांसारखी वाटतात. आम्हाला ती म्हणूनच आवडली. अशी सव्वाशेहून अधिक घरे आहेत. सगळी एकाच आकाराची नाहीत, काही मोठी, काही अगदी चिंचोळी. पण चालताना हा फरक जाणवत नाही.

घरे उठली, मशीद उठली नाही. 1875 हे वर्ष पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, रमजानच्या महिन्यात, उस्मानी सरकारने जाहीर केले की परदेशी कर्जाचे निम्मेच व्याज आता रोखीत देता येईल. म्हणजे दिवाळेच. तुर्क इतिहासात तो हुकूम रमजानच्या नावानेच ओळखला जातो. महाल, आरमार, रेल्वे, सगळे कर्जावर चालले होते. पुढच्या वर्षी, 30 मे 1876 रोजी, अब्दुल अजीज यांना तख्तावरून उतरवले गेले आणि 4 जूनला ते मृतावस्थेत सापडले. आत्महत्या की खून, हा वाद आजही मिटलेला नाही. टेकडीवर मशिदीचा पाया घातला गेला होता. तो तसाच राहिला. त्या भागाला 'ताशलिक', म्हणजे दगडांची जागा, म्हणतात. मशिदीसाठी आणलेले दगड तिथे वर्षानुवर्षे पडून होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आज त्या बाजूला बगीचा आहे आणि मोठाली हॉटेले.

आम्ही हे अब्बांना एका घराच्या पायरीवर बसून वाचून दाखवत होतो. काही फोनवरून, काही गाईडबुकातून. अब्बा म्हणाले, "मग भाडं कुणी खाल्लं?"

याचे एका शब्दात उत्तर नाही. घरे भाड्याने जातच राहिली. महालाचे लोक गेले, दुसरे आले. 1912 च्या बाल्कन युद्धात सलोनिका हातची गेली आणि तिथले मुसलमान निर्वासित होऊन इस्तंबूलला आले. त्यांत झुबेदा नावाच्या एक विधवा बाई आणि त्यांची मुलगी मकबूला होत्या. त्या इथल्या 76 नंबरच्या घरात राहिल्या. बाईंचा मुलगा फौजेत होता. रजेवर आला की तोही इथेच उतरे. त्याचे नाव मुस्तफा कमाल, पुढे अतातुर्क. ज्याने 1924 मध्ये खिलाफत संपवली तो सुलतानाच्या मशिदीसाठी बांधलेल्या घरात भाडेकरूंच्या कुटुंबातला होता. 1924 मध्येच वक्फचे जुने खाते मोडून सरकारी वक्फ महासंचालनालय झाले आणि अशा मालमत्ता त्याच्या ताब्यात गेल्या. बेशिकताश क्लबचे सुरुवातीच्या काळातले ऑफिसही याच रांगेत होते. हे कळल्यावर मुलीने उरलेल्या फोटोंपैकी निम्मे इथेच काढले.

पुढे काय झाले ते आपल्याकडच्या कोणालाही ऐकून-पाहून माहीत असते. भाडे थोडे, दुरुस्ती कोणाचीच नाही. गिलावा गळाला, छपरे बसली, काही घरे ओस पडली. शेवटी वक्फ खात्याने ती एका खासगी कंपनीला दुरुस्त करून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने वापरायला दिली. 2008 च्या सुमारास रांग नव्याने उभी राहिली. मालकी वक्फची, कारभार कंपनीचा.

आज खाली दुकाने, कॅफे, चित्रांची दालने. वर ऑफिसे, फ्लॅट आणि एका भागात हॉटेल. बाहेरून पाहिले तर बदल जाणवू नये याची काळजी घेतली आहे. दुकानासाठी भिंत फोडून मोठी काच बसवलेली नाही. जुनी खिडकी तीच दुकानाची खिडकी, जुने दार तेच दार, दोन-तीन पायऱ्या चढूनच आत जायचे. बहुतेक पाट्या लहान. आपल्या बाजारपेठांमध्ये फ्लेक्सखाली अख्खी इमारत गाडलेली असते, तसे इथे नाही. आत पाऊल टाकले की मात्र कळते, बरेच काही नवे आहे. जे घर वर-खाली एका कुटुंबासाठी उभे कापलेले होते ते फ्लॅटसाठी आडवे कापावे लागते. जिना सगळ्यांचा होतो, शेजारच्या घरात दार काढावे लागते. भिंत तिथेच असते, पण ती कोणाची हे बदलते. हा व्यवहार इथे नीट केला आहे. नाक मुरडावे असे त्यात काही दिसले नाही.

अब्बांनी नाक मुरडले ते दुसऱ्या कारणाने. एका उपाहारगृहाच्या खिडकीतून बाटल्यांची मांडणी दिसत होती. ते काही बोलले नाहीत, फक्त उठून पुढच्या पायरीवर जाऊन बसले. वक्फची जागा आणि तिच्यात दारू. आम्हालाही ते खटकले, आणि इमारत वाचली म्हणून ते खटकणे कमी झाले नाही. ज्याने ही घरे बांधली त्याची नियत एका मशिदीची होती. इमारतीची डागडुजी करता येते, नियतीची जबाबदारी भाडेपट्ट्यात कशी लिहायची?

वरच्या बाजूला एका खिडकीत पाटी होती, 'किरालिक'. आम्ही दोघेही हसलो, कारण हा शब्द कोणाला विचारावा लागला नाही. किरा म्हणजे भाडे, आपला किराया. खाली 'दुक्कान'. पुस्तके आणि कागदी वस्तू विकणाऱ्या एका छोट्या दुकानात मुलीने वही घेतली. काउंटरवरच्या तरुणाशी फोनच्या भाषांतरावरून गप्पा झाल्या. अब्बांनी विचारायला लावले, भाडे कोणाला देता? तो म्हणाला, कंपनीला. कंपनी कोणाला देते? तो म्हणाला, वक्फला. मग अब्बांनी विचारले, भाडे बाजारभावाने की जुने? तो तरुण इतका मोठ्याने हसला की भाषांतराची गरज राहिली नाही.

बाहेर आल्यावर आम्ही अब्बांना उस्मानी काळातली एक जुनी पद्धत सांगितली. तिचे नाव 'इजारतैन'. अरबीत 'ऐन' लागले की दोन. इजारा म्हणजे भाडे, इजारतैन म्हणजे दोन भाडी. आगी आणि भूकंपांनी वक्फच्या इमारती पडायच्या, वक्फकडे बांधायला पैसा नसायचा. मग एखाद्याकडून जवळजवळ इमारतीच्या किमतीएवढी रक्कम आगाऊ घ्यायची, तिच्यातून बांधकाम करायचे आणि त्याबदल्यात त्याला अगदी नाममात्र सालाना भाड्यावर जागा द्यायची. तो गेला की हक्क त्याच्या मुलांकडे. कल्पना अडचणीतून निघालेली, सुरुवातीला उपयोगीही. पण दोन-तीन पिढ्यांनी भाडेकरूच मालकासारखा झाला आणि वक्फच्या हातात फक्त वही राहिली.

अब्बा म्हणाले, "ही तर पगडी."

हो, पगडीच. आणि इथे आम्हाला आमच्याबद्दलही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. चौथ्या दुकानासाठी आमच्या घरून मशिदीला महिना पंचाहत्तर रुपये जातात. ते ठरले तेव्हा रक्कम वाजवी होती. आठ वर्षांपूर्वी अब्बांनी मशीन बंद केली. तेव्हापासून तिथे मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो आणि तो आम्हाला महिन्याला चार हजार देतो. मशिदीला पंचाहत्तर, आम्हाला चार हजार. लाईनमधल्या अकरापैकी निदान सहा दुकानांचा हिशेब असाच आहे. हे सगळ्यांना माहीत आहे आणि मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. मुलीच्या क्लासची फी त्याच पैशातून जाते. आम्ही शाळेत मुलांना अमानत म्हणजे काय ते शिकवतो. आणि जमातीत जेव्हा चर्चा होते की लाईन मोडकळीला आली, मशिदीकडे दुरुस्तीला पैसे नाहीत, तेव्हा मान हलवतो. मशिदीकडे पैसे का नाहीत, हे आमच्या घरच्या कपाटात असलेल्या पावत्यांवर लिहिलेले आहे.

यातले काही आम्ही त्या पायरीवर बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. अब्बा काठीच्या टोकाने दोन घरांमधल्या जोडावर टकटक करत राहिले. शिवणकाम करणाऱ्या माणसाची नजर जोडावर जाते.

असरची वेळ झाली तसे आम्ही उतार उतरून बेशिकताशच्या चौकात आलो. ज्या मशिदीसाठी ती घरे होती ती नाही, पण चौकात सिनान पाशा मशीद आहे. मिमार सिनान यांनी सोळाव्या शतकात, 1550 च्या दशकात, आरमाराचे सरदार सिनान पाशा यांच्यासाठी बांधलेली. वास्तुकार सिनान वेगळे, पाशा सिनान वेगळे. दगड आणि वीट यांचे आलटून पालटून थर दिलेली, बुटकीशी, गर्दीच्या बसस्टॉपजवळची मशीद. समोर आरमाराचे मोठे सरदार हैरुद्दीन बार्बारोसा यांची कबर आहे. आत वुजूची सोय चांगली होती, अब्बांना बसायला खुर्ची मिळाली. मुसाफिरांची नमाज ती, लवकर आटोपली. अब्बा नंतर बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिले. गटाची बस पकडायची होती म्हणून आम्हीच शेवटी उठवले.

परतल्यावर मीटिंग झाली. बिल्डरने आणलेले चित्र छान होते. निळ्या काचा, चार मजले, लिफ्ट, खाली पार्किंग. अब्बांनी दोनच प्रश्न विचारले. यातली किती दुकाने मशिदीच्या नावावर राहणार, आणि त्यांचे भाडे दर किती वर्षांनी वाढणार. बिल्डर म्हणाला, ते नंतर बसून ठरवू. जुन्या भाडेकरूंना मालकी हक्काने जागा मिळेल, हे मात्र कागदावर आधीच लिहिलेले होते. त्यावर सभेत बराच आवाज झाला. अब्बांवरही बोट आले, "चाचा, तुमचंच दुकान पोटभाड्यानं आहे," असे एकाने तोंडावर सांगितले. ते खरेच होते. मीटिंग पुढच्या महिन्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा मोबाइलवाल्या मुलाला बरोबर घेऊन मुतवल्लींच्या घरी गेले. यापुढे चार हजार थेट मशिदीत जमा करायचे, असे त्याला सांगून ठेवले होते. आम्हाला आधी विचारले नव्हते. घरी त्या रात्री थोडी कुरबुर झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. क्लासच्या फीचे आम्ही बघून घेऊ. मुतवल्लींनी नोटा मोजल्या, पावतीपुस्तक उघडले, पेन हातात घेतले आणि तसेच थांबले. अब्बांच्या नावाने पंचाहत्तरपेक्षा जास्त लिहिले तर उद्या बाकीचे दहाजण दारात येतील. आणि त्या मुलाच्या नावाने लिहिले तर चौथे दुकान अब्बांचे राहत नाही. शेवटी त्यांनी पैसे एका पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवले आणि म्हणाले, "पावती नंतर देतो." ती अजून आलेली नाही. अब्बा दर जुम्याला विचारतात.